उलट्या वाटेने चालणाऱ्याला विचारा

जेरुसलेम शहरातल्या एका टेकडीच्या दाराशी एक पाटी आहे. या जागेच्या पावित्र्यामुळे यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे इथे प्रवेश करायला मनाई आहे, असा तिचा आशय. ती परक्या माणसाने लावलेली नाही. इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या पीठाने, म्हणजे यहुद्यांच्याच धर्मपीठाने, ती यहुद्यांसाठी लावली. या टेकडीकडे तोंड करून हे लोक एकोणीसशे वर्षे रोज तीन वेळा प्रार्थना करत आले. तिच्या आठवणीने ते लग्नासारख्या आनंदाच्या घडीलाही काचेचा पेला फोडतात. १९६७ च्या युद्धानंतर त्या टेकडीवर पाय ठेवायची संधी आली, आणि त्यांच्या बहुतेक धर्मगुरूंनी सांगितले की आत जाऊ नका.

मी बुलढाणा जिल्ह्यातली. तीस वर्षे शाळेत शिकवले, आता निवृत्त आहे. जेरुसलेम मी पाहिलेले नाही. पण पवित्र जागेत पाऊल कसे टाकावे याबद्दलचे यहुद्यांचे नियम वाचनात आले तेव्हापासून आपल्याकडच्या देवळाच्या पायरीकडे माझी नजर वेगळी झाली. त्या नियमांविषयी थोडे सांगायचे आहे, आणि ते सांगता सांगता तुमच्याकडे काही मागायचेही आहे.

यहुदी म्हटले की आपल्या मनात कुठले तरी दूरचे लोक येतात. पण मराठी बोलणारे यहुदी आपल्याच राज्यात शेकडो वर्षे राहिले आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचा घाणा चालवत, आणि शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवत. त्यामुळे गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी मराठीत कीर्तने केली. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेल्या आणि १८६७ साली पुऱ्या झालेल्या सिनेगॉगला, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघराला, लोक आजही लाल देऊळ म्हणतात. या सगळ्या प्रार्थनाघरांत भक्त पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला आहे. तेव्हा ज्या टेकडीविषयी मी लिहिते आहे, तिच्याकडे तोंड करून मराठी माणसांनीही पिढ्यानपिढ्या हात जोडले आहेत.

आता जाऊ नका, असे का सांगितले?

त्या टेकडीवर यहुद्यांचे मंदिर होते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ते जाळले. नंतर तिथे मुसलमानांचा सोनेरी घुमट आणि अल-अक्सा मशीद उभी राहिली, आणि त्यांच्यासाठीही ती जागा फार मोठ्या श्रद्धेची आहे. तिच्यावरून रक्त सांडले आहे आणि आजही वाद आहे. त्या राजकारणात मी शिरत नाही. मला बोलायचे आहे ते धर्मशास्त्राच्या एका कलमाबद्दल. मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पूरला, एकट्या मुख्य पुरोहिताने जायचे असा नियम होता. मंदिर गेले, आणि तो गाभारा टेकडीवर नेमका कुठे होता याची खूण आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणजे चालता चालता नकळत पाऊल तिथेच पडायचे. मंदिर पडले म्हणून जागेचे पावित्र्य संपले का, यावरही त्यांच्यात जुना वाद आहे. बाराव्या शतकातले मोठे शास्त्री मैमोनिडीस म्हणतात की पावित्र्य कायम आहे. त्यांच्याच काळातले फ्रान्समधले एक शास्त्री त्यांना विरोध करतात. बहुतेकांनी मैमोनिडीस यांचे मानले.

दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. यहुदी शास्त्राप्रमाणे माणसाला अनेक प्रकारची अशुद्धी येते, आणि त्यातली सर्वांत भारी अशुद्धी प्रेताच्या संपर्काची. प्रेताला हात लावलाच पाहिजे असे नाही. ज्या छपराखाली प्रेत आहे त्या छपराखाली उभे राहिले तरी ती लागते. आपल्या सुतकासारखी ती दहा-तेरा दिवसांनी आपोआप फिटत नाही. ती घालवायला अंगावर एकही वेगळ्या रंगाचा डाग नसलेल्या, मानेवर कधी जू न ठेवलेल्या तांबड्या गाईची राख लागते, आणि ती राख मिसळलेले झऱ्याचे पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अंगावर शिंपडावे लागते. तशी गाय आजवर मोजक्या वेळाच मिळाली असे त्यांचे जुने ग्रंथ सांगतात, आणि आज ती राख उरलेली नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दवाखान्यात गेला नाही, मयतीला गेला नाही, असा माणूस जगात कोण आहे? म्हणून शास्त्र धरून चालते की आज सगळेच अशुद्ध आहेत. मुख्य रब्बी अशुद्ध, हमाल अशुद्ध, श्रीमंत अशुद्ध, भिकारी अशुद्ध. मी शुद्ध आहे, तू नाहीस, असे म्हणायची सोय त्या नियमाने कोणालाच ठेवलेली नाही. पुरोहिताच्या कुळात जन्मलेल्याला तर उलट जास्त बंधने आहेत. जवळच्या नातलगाखेरीज कोणाच्या प्रेताजवळ जायचे नाही, स्मशानात पाऊल ठेवायचे नाही. कूळ जितके मोठे, तितका धाक मोठा.

हे वाचले आणि मला मेहुणाराजा आठवले.

मेहुणाराजा आपल्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात. संत चोखामेळा यांचे हे जन्मगाव अशी परंपरा आहे. त्यांची बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका यांचीही नावे या गावाशी जोडलेली आहेत. पत्नी सोयराबाई आणि मुलगा कर्ममेळा धरले तर एका घरातून पाच जणांनी अभंग लिहिले. महाराष्ट्रात अशी घरे किती निघतील? आणि हे घर विठोबाच्या दारात बाहेर उभे राहिले. चोखोबांनी ना चोरी केली होती, ना ते कुठल्या मयतीहून आले होते. त्यांची अशुद्धी जन्माची होती, आणि ती कुठल्याही पाण्याने जाणार नव्हती, कारण ती त्यांच्या अंगावर नव्हतीच. ती अडवणाऱ्याच्या मनात होती. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. हाडांना कान लावून ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी वेचली आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे वारकरी सांगतात. मेल्यावरही चोखोबा दाराबाहेरच.

त्या दारातून त्यांच्या लोकांना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी १ मे रोजी पंढरपुरात उपोषण धरले, ते १० मे रोजी सुटले. त्याआधी इकडे वऱ्हाडात अमरावतीच्या अंबादेवीच्या दारासाठी १९२७ मध्ये, आणि नाशिकच्या काळारामासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून लढा उभा राहिला होता. पुढे १९५६ साली कायदा झाला. सार्वजनिक हिंदू पूजास्थानात कोणत्याही हिंदूला जातीमुळे अडवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा आजही लागू आहे.

एकीकडे स्वतःच्याच पायाला लगाम घालून दाराशी थांबणारा माणूस, दुसरीकडे दुसऱ्याने हात आडवा घातला म्हणून थांबलेला माणूस. लांबून दोघे सारखेच दिसतात. दोघेही बाहेर उभे, दोघांचीही नजर आत. पण पहिल्याचे थांबणे ही भक्ती आहे आणि दुसऱ्याला थांबवणे हे पाप आहे. माझे सगळे सांगणे इथे आहे. पवित्र जागेचे नियम स्वतःला लावायला असतात. तुम्हाला सोवळे पाळायचे आहे, पाळा. उपवास करा, अनवाणी जा, ओलेत्याने प्रदक्षिणा घाला. पण ज्या क्षणी तुम्ही तो नियम उचलून शेजारच्याच्या छातीवर ठेवता, त्या क्षणी तो नियम राहत नाही, काठी होते.

यहुद्यांनी हे नेहमीच सांभाळले असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. १८७१ साली जेरुसलेममध्ये एक दगडी पाटी सापडली. मंदिराच्या आतल्या कठड्यावर ती लावलेली असे. परक्याने याच्या आत येऊ नये, सापडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असा तिच्यावरचा ग्रीक मजकूर. म्हणजे काठी तिथेही होतीच. पण त्याच लोकांच्या ग्रंथात सॉलोमन राजाची प्रार्थनाही आहे. मंदिर बांधून झाल्यावर तो देवाला विनवतो की दूर देशाचा परका माणूस इथे येऊन काही मागेल, तर त्याचेही ऐक. धर्माच्या पोटात ही दोन्ही असतात, कठड्यावरची पाटीही आणि राजाची विनवणीही. आपल्याही पोटात आहेत. कुठले बाहेर काढायचे हे प्रत्येक पिढी ठरवते, आणि सध्या ती पिढी आपण आहोत.

आता थोडे साध्या गोष्टींबद्दल.

इसवी सन २०० च्या सुमारास यहुद्यांच्या तोंडी नियमांचा संग्रह झाला, त्याला मिश्ना म्हणतात. मंदिराच्या टेकडीवर जाताना काय करू नये, हे त्यात सांगितले आहे. हातात काठी नको, पायात वहाणा नकोत, कमरेला पैशांचा कसा नको, पायांवर धूळ नको. तिथे थुंकायचे नाही. आणि, हे मला सगळ्यांत आवडले, तिथून जवळची वाट म्हणून पलीकडे निघायचे नाही. म्हणजे बाजाराला जाताना देवाचे आवार मधे पडते म्हणून तिथून आरपार जाऊ नका. यायचे तर देवासाठी या.

हे वाचताना मला वाटले, हे नियम सांगणारा माणूस आमच्या गावात राहून गेला की काय. किती गावांत मारुतीच्या आवारातून मोटारसायकली जातात! पाराला वळसा घालायला अर्धे मिनिट लागते, तेही कोणाला द्यायचे नसते. सभामंडपाच्या खांबांवर खर्र्याच्या पिचकाऱ्या असतात. पुड्यांच्या पन्न्या तुळशीवृंदावनात असतात. लोणारला धारेच्या झऱ्यापाशी, दैत्यसूदनाच्या देवळाच्या आवारात, ज्या दगडांवर शेकडो वर्षांपूर्वी कारागिराने फूल कोरले त्याच दगडांवर कोणीतरी खिळ्याने आपले आणि आपल्या प्रेमपात्राचे नाव कोरते. आपण शुद्धी-अशुद्धीवर तासतास वाद घालतो आणि आपली थुंकी मात्र आपल्याला अशुद्ध वाटत नाही. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला माउली म्हणतात, आणि तिथली फरशी बघा, चेहरा दिसावा अशी. तिथे आपण खर्रा खिशात ठेवतो ना? मग गावात आल्यावर तो आपोआप तोंडात का जातो? लोक तेच, सवयी तिथल्या वेगळ्या आणि इथल्या वेगळ्या.

पैशांच्या त्या पिशवीबद्दल एक शब्द. देवापुढे जाताना पैसे मिरवू नयेत, असा त्या नियमाचा मला लागलेला अर्थ. आपल्याकडे रांगेत उभी असलेली म्हातारी तीन तास उभीच राहते आणि ओळखीचा किंवा पावतीचा माणूस बाजूच्या दाराने आत जातो. विश्वस्त मंडळींना हात जोडून सांगते, त्या बाजूच्या दाराचा विचार करा.

मागे न वळण्याचा नियमही त्यांच्याकडे आहे. दर्शन झाल्यावर देवाकडे पाठ न करता हळूहळू मागे सरकत यायचे. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी आजही लोक तसे मागे सरकतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका हेच करतात. त्यांना कोणी मिश्ना शिकवला नव्हता.

पण ज्या एका नियमासाठी मी हा सगळा खटाटोप केला तो अजून सांगायचा आहे.

मंदिराच्या टेकडीवर येणारे सगळे उजवीकडून आत येत, उजवीकडे वळून फेरी घालत आणि डावीकडून बाहेर पडत. आपली प्रदक्षिणा असते तशीच ठरलेली दिशा. फक्त ज्याच्यावर काही ओढवले आहे, अशा माणसाने उलट दिशेने चालायचे. म्हणजे हजारो माणसे एका बाजूने येताहेत आणि एखादा समोरून, त्यांच्या तोंडावर, उलटा येतो आहे. जो कोणी समोर येई तो त्याला थांबवून विचारी, डावीकडून का चाललास? तो सांगे, माझ्या घरी मयत झाली आहे, मी दुःखात आहे. मग विचारणारा त्याला आशीर्वाद देई की या घरात जो राहतो तो तुझे सांत्वन करो. एखादा सांगे की मला जमातीने वाळीत टाकले आहे. त्यालाही आशीर्वाद मिळे. त्या आशीर्वादाचे शब्द काय असावेत यावर दोन शास्त्र्यांचा मतभेद नोंदलेला आहे. एक म्हणतो, त्यांच्या मनात तुला परत जवळ घ्यायचे येवो, असे म्हणावे. दुसरा म्हणतो, असे म्हटले तर जमातीने अन्याय केला असा अर्थ होतो, म्हणून तुझ्याच मनात त्यांचे ऐकायचे येवो आणि मग ते तुला जवळ घेवोत, असे म्हणावे. वाद काय तो शब्दांचा. वाळीत टाकलेल्यालाही देवाच्या आवारात थांबवून विचारायचे आणि आशीर्वाद द्यायचा, याबद्दल दोघांचे दुमत नाही.

माझे वडील गेले तेव्हा आई पंचावन्न वर्षांची होती. तेरावा झाला, महिना गेला. संक्रांतीच्या पुढेमागे ती म्हणाली, चाल, जरा देवळात जाऊन येऊ. घरात तिचा जीव लागत नव्हता. आम्ही दोघी गेलो. पायरीपाशी नात्यातल्याच एक बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काऊन वं, सव्वा महिना तरी दम धराचा होता." आवाज चढवून नाही, सहज बोलल्या. आईने पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मागे फिरली. मी तिथेच होते. मी शाळेत मुलांना चोखामेळा शिकवत होते, आणि मी एक शब्द बोलले नाही.

त्यानंतर आई सतरा वर्षे जगली. त्या देवळात ती पुन्हा गेली नाही. रस्त्यावरून जाताना थांबून कळसाला हात जोडायची. मी म्हणे, आता चल ना आत. ती म्हणे, "कळस दिसला म्हंजे देव दिसला, माय." वारकऱ्यांचे ते म्हणणे खरेच आहे. पण माझ्या आईच्या तोंडी ते मला टोचत राहिले.

उलट्या फेरीचा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. दुःख झालेल्या माणसाला देवाच्या दारापासून लांब ठेवायचे, ही आपली रीत. त्या मंदिराच्या टेकडीवर त्याला आत घेत, आणि नुसते आत घेत नसत, तर वेगळ्या वाटेने चालवत, म्हणजे तो गर्दीत हरवणार नाही, म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला त्याचे तोंड दिसेल आणि प्रत्येकाला थांबून विचारावे लागेल. प्रेताच्या स्पर्शाला सर्वांत मोठी अशुद्धी मानणाऱ्या धर्माने हे केले, हे लक्षात ठेवा. त्याला अशुद्धी कळत होती, आणि घरचे माणूस गेलेल्याला एकटे सोडायचे नसते हेही कळत होते.

आपल्या वऱ्हाडात तर हे समजायला उशीर होऊन चालणार नाही. कर्जापायी आणि नापिकीपायी शेतात गळफास घेतलेल्या माणसाची बायको प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी आहे. तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, लग्नात पुढे उभे करत नाहीत, देवळात ती कोपरा धरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे उदाहरण म्हणून ठेवला. ठराव आपल्याही गावात करा. पण ठराव कागदावर राहतो आणि पायरीपाशी बाईच उभी असते. तिच्याशी बोलायला ग्रामसभेचा कोरम लागत नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, आणि स्पष्ट सांगते, कारण शाळेत मुलींच्या पोटात दुखत असताना त्यांना गणपतीच्या आरतीतून बाजूला बसवलेले मी पाहिले आहे. मासिक पाळीतल्या बाईने मंदिराच्या टेकडीवर जाऊ नये, हे यहुदी शास्त्रातही आहे. पण त्याच शास्त्रात पुरुषाचे वीर्य गेले असेल तर त्यानेही स्नान केल्याशिवाय तिथे जाऊ नये असे आहे. साठवलेल्या नैसर्गिक पाण्याच्या कुंडात, ज्याला ते मिक्वे म्हणतात, बुडी मारावी लागते. आजही जे यहुदी काही शास्त्र्यांच्या परवानगीने टेकडीच्या कडेकडेने फिरतात, ते पुरुषसुद्धा आधी मिक्वेत बुडी मारतात आणि चामड्याचे पायताण काढून ठेवतात. शरीराचा नियम असेल तर तो दोन्ही शरीरांना आहे. आपल्याकडे गावातल्या कुठल्या पुरुषाला पायरीवर कोणी असा प्रश्न विचारला आहे? प्रश्न फक्त मुलीला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की पुरुषाला जिथे प्रवेश आहे तिथे बाईलाही आहे, आणि त्याच वर्षीच्या गुढीपाडव्याला शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या. तुमच्या लेकीला पाळीत देवळात जायचे नसेल तर तो तिचा प्रश्न. जायचे असेल तर तोही तिचाच. तुम्ही तिच्या तारखा मोजू नका.

दुसऱ्याच्या पवित्र जागेत जाताना मात्र नियम त्यांचा. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात, तिथे डोक्यावर रुमाल घेताना कोणाची जात बाटत नाही. अलिबागच्या किंवा पुण्याच्या सिनेगॉगमध्ये जायचा योग आला तर डोके झाका, आधी विचारून जा, शनिवारी फोटो काढू नका, कारण त्या दिवशी ते यंत्र चालवत नाहीत. दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला एक लहानशी डबी लावलेली दिसेल, तिला मझुझा म्हणतात, आत धर्मग्रंथातले शब्द चर्मपत्रावर लिहिलेले असतात. आत येता-जाता ते लोक तिला बोटे लावून ओठांना लावतात. आपण उंबऱ्याला हात लावतो, तसेच ते. बौद्ध विहारात बूट बाहेर आणि आवाज खाली. यात शिकण्यासारखे अवघड काही नाही. पाहुणा म्हणून गेलात तर पाहुण्यासारखे वागा.

आणि आपल्या स्वतःच्या देवळात तुम्ही यजमान आहात, हे विसरू नका. येणाऱ्याची जात विचारू नका, आडनाव विचारून अंदाज बांधू नका. पुजारी, विश्वस्त, सकाळी लवकर येऊन झाडलोट करणारी मंडळी, तुमच्या हातात फार मोठी गोष्ट आहे. पायरीवर पहिला शब्द तुमचा पडतो.

गेल्या कार्तिकात मी आमच्या देवळात काकड्याला गेले होते. पहाटेची थंडी. बाहेर निंबाखाली एक तरुण बाई उभी होती, अंगावर शाल, कपाळ मोकळे. बायका येत होत्या, तिच्याजवळून आत जात होत्या. माझे पाय क्षणभर थांबले नाहीत, हे मी कबूल करते. मी दोन पायऱ्या चढलेही. मग उतरले, तिच्यापाशी गेले आणि विचारले, "काय झालं वं माय?" ती म्हणाली, मालक गेले, पंचवीस दिवस झाले. मला यहुद्यांसारखा ठरलेला आशीर्वाद येत नव्हता. मी तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता. आत काकडा सुरू झाला होता. ती म्हणाली, "लोक काही म्हणतीन." मी म्हटले, म्हणू दे, आपण दोघी मागं बसू. ती माझ्याबरोबर आली, खांबाला टेकून बसली आणि आरती संपेपर्यंत रडली. शेजारच्या बाईने थोडे सरकून तिला सतरंजीवर जागा केली.